सोयाबीनसाठी इमॅझेथापायर: तण मारतं, पण त्याच रानात पुढं शाळू पेरणार असाल तर हे वाचा

इमॅझेथापायर १०% एसएल (एसएल म्हणजे पाण्यात विरघळणारं द्रव औषध) हे तणनाशक आम्ही सोयाबीनमध्ये वापरतोय, रान वैराग भागात, बार्शी तालुका, काळी जमीन, थोडी भारी थोडी मध्यम, विहीर आहे पण खरीप सगळा पावसावरच. निकाल आधीच सांगते, सोयाबीनसाठी मी याला पाचपैकी चार देईन, आणि ज्या रानात सोयाबीन काढून लगेच शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरायचाय त्या रानात, त्यातही पाऊस कमी असलेल्या वर्षी, मी हे टाकत नाही. ही दुसरी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही आणि मोबाईलवरच्या व्हिडीओत पण सहसा नसते, कारण ते बरेचसे विदर्भातले नाहीतर मध्य प्रदेशातले, तिकडं सोयाबीनमागं हरभरा नाहीतर गहू. आपला सोलापूर जिल्हा शाळूचा. म्हणून एवढं लांबलचक लिहायलेय.

आता मुळात तणनाशकाकडं का वळलो ते. सोयाबीनला पहिले ३० ते ४५ दिवस तणाचा त्रास सगळ्यात जास्त, एकदा पिकानं ओळी झाकल्या की मग खालचं तण आपोआप दबतं. पण नेमके तेच दिवस असे की पाऊस लागला तर रानात पाय ठरत नाही, वाफसा, म्हणजे पाय रुतणार नाही एवढी बेताची ओल, येईपर्यंत कोळपं (ओळींमधलं तण काढायचं अवजार) घालता येत नाही, आणि वाफसा आला की गावातल्या सगळ्यांच्याच खुरपण्या एकदम निघतात. बायका मिळत नाहीत. मिळाल्या तरी अर्ध्या शेजारच्या गावात जीपनं जातात कारण तिकडं हजेरी जास्त. आणि खुरपणीला आमच्याकडं बायकाच, दिवसभर उकिडवं बसून, गुडघे आणि कंबर दोन्ही जातात, माझ्या सासूबाईंचं आयुष्य त्यातच गेलं, त्यामुळं तणनाशक म्हणजे आळशी माणसाची शेती असं कुणी म्हणलं की मला राग येतो. ज्यानं खुरपं धरलंय त्यानं बोलावं.

पैशाचं म्हणाल तर एका एकराच्या एका खुरपणीला जेवढे जातात त्याच्या निम्म्यापेक्षा कमीत औषध आणि फवारणीची मजुरी दोन्ही बसतं आमच्याकडं. दर वर्षी भाव बदलतात म्हणून आकडा लिहीत नाही.

दुकानाचं आधी सांगते कारण निम्मा घोळ तिथंच होतो. इमॅझेथापायर हे औषधाचं खरं नाव, म्हणजे टेक्निकल. बाटलीवर मोठ्या अक्षरात कंपनीनं ठेवलेलं नाव असतं आणि टेक्निकल खाली बारीक. हे मूळ अमेरिकन सायनामिड कंपनीनं काढलेलं, २००० साली तो धंदा बीएएसएफनं विकत घेतला, परश्यूट हे त्याचं जुनं नाव, आता पेटंट संपलेलं असल्यामुळं कितीतरी कंपन्या हेच विकतात. त्यामुळं दुकानात गेल्यावर "सोयाबीनचं तणनाशक द्या" असं म्हणायचं नाही, टेक्निकल नाव आणि टक्का सांगायचा, मग बाटली हातात घेऊन स्वतः वाचायची. उत्पादनाची तारीख, मुदत, बॅच नंबर, आणि पक्कं बिल. बिलावर बॅच नंबर लिहून घ्या, उद्या पीक करपलं तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडं तक्रार करताना पहिल्यांदा तेच मागतात. मला एका दुकानात (नाव घेत नाही) "मॅडम हे घ्या, यात दोन औषधं आहेत, एकदम पावरफुल" म्हणून दुसरीच बाटली दिली, उघडून माहितीपत्रक बघितलं तर ते सोयाबीनचंच होतं पण आम्ही त्या रानात सोयाबीनबरोबर तुरीचे तास टाकलेले, तुरीचं नाव त्यावर कुठंच नव्हतं. परत केली. ते घडी घातलेलं माहितीपत्रक आपण पुडीच्या कागदासारखं फेकून देतो पण सगळी माहिती त्यातच असते, कुठल्या पिकाला चालतं, एकरी किती, काढणीच्या आधी किती दिवस मारायचं नाही. उडीद, मूग, तूर, घेवडा, चवळी हे सगळं शेंगवर्गीय असलं तरी एकाला चाललं म्हणून दुसऱ्याला चालतं असं नाही. तुमच्या हातातल्या बाटलीच्या पत्रकावर तुमच्या पिकाचं नाव नसेल तर दुकानदार कितीही छाती ठोकून सांगू दे, घेऊ नका.

आता वापर. हेक्टरी १ लिटर म्हणजे एकरी ४०० मिली, पाणी एकरी साधारण २०० लिटर. आमच्याकडं सगळे "पंपाला किती टाकू" असंच विचारतात आणि गोंधळ तिथंच आहे. १५ लिटरच्या पंपानं २०० लिटर म्हणजे तेरा चौदा पंप, त्या हिशोबानं पंपाला ३० मिली येतं. पण फवारणारा माणूस भरभर चालणारा असला तर तो एक एकर आठ पंपातच संपवतो, मग पंपाला ३० मिलीनं औषध ४०० ऐवजी २४० मिलीच पडलं, तण मरत नाही, आणि दोष बाटलीला. उलट हळू चालणारा माणूस जास्त टाकतो. म्हणून आमचे हे आधी साध्या पाण्यानं थोड्या रानात चालून बघतात, किती पंप लागले ते मोजायचं आणि मग ४०० मिली त्या पंपात वाटायचं. एवढं केलं तरी अर्धी लढाई जिंकली.

नोझल पट्टा पडणारं पाहिजे, फ्लॅट फॅन म्हणतात ते, किडीच्या औषधाला वापरतो ते गोल फवाऱ्याचं नको. पाणी स्वच्छ पाहिजे, ओढ्याचं गढूळ पाणी भरून मारणारे बघितलेत मी, मातीच औषध धरून ठेवते मग तणाला काय मिळणार. सोबत स्टिकर आणि अमोनियम सल्फेट टाकायला पत्रकात सांगितलेलं असतं ते टाका, त्यानं पानावर नीट पसरतं आणि आत जातं. वारं पडलेलं असताना, सकाळी नाहीतर दुपार उतरल्यावर. फवारल्यावर दोन तास तरी पावसाची झड नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वेळ. सगळे सांगतात पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी. हे बरोबर आहे पण अर्धवट आहे. दिवस पिकाचे मोजायचे नाहीत, पानं तणाची मोजायची. तण दोन ते तीन, फार तर चार पानांवर असताना हे औषध मारलं तर काम करतं, त्याच्या पुढं गेलं की नुसतं पिवळं पडून परत उठतं. कधी पेरणीनंतर पाऊस लागून राहतो आणि बाराव्या तेराव्या दिवशीच तण तीन पानांवर येतं, तेव्हा "अजून पंधरा दिवस कुठं झालेत" म्हणून थांबलात तर गेलं. आणि कधी पेरणीनंतर पावसानं ओढ दिली तर वीस दिवस झाले तरी तण नीट उगवलेलंच नसतं, तेव्हा मारून उपयोग नाही कारण मागून उगवणारं तण मोकळंच राहतं. रानात खाली बसायचं, हातानं तण उपटून पानं मोजायची, चार ठिकाणी बघायचं, बांधाकडं वेगळं असतं आणि मधी वेगळं.

जमिनीत ओल पाहिजेच. हे पानातून पण आत जातं आणि मुळातून पण, म्हणून ओल असली की दोन्हीकडून काम होतं. पावसानं ताण दिलेल्या, माना टाकलेल्या तणावर मारलं तर ते आत ओढून घेत नाही. आपल्याकडं वर्षाला साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तो पण कसाही, त्यामुळं ओल आणि तणाची कोवळी अवस्था दोन्ही एका वेळी सापडणं हेच अवघड, ते तीन चार दिवस सापडले की बाकीची कामं टाकून फवारणी करायची. बाटली आधीच आणून ठेवलेली पाहिजे, त्या दिवशी बार्शीला पळायचं नाही.

मारल्यावर लगेच काही दिसत नाही, हे नवीन माणसाला समजून सांगावं लागतं. या औषधानं पान जळत नाही. झाडाच्या आत एक एन्झाइम असतं, त्यातून व्हॅलिन, ल्युसिन आणि आयसोल्युसिन ही तीन अमिनो आम्लं तयार होतात, हे औषध तो एन्झाइमच बंद पाडतं, मग झाडाला नवीन वाढ करायला लागणारं सामानच मिळत नाही. वाढ जागेवर थांबते, शेंडा पिवळा पडतो, आठवड्याभरानं फरक दिसायला लागतो आणि पूर्ण मरायला दोन तीन आठवडे. सोयाबीन मात्र हे औषध आपल्या आत लवकर तोडून टाकतं म्हणून ते वाचतं. तरी चार आठ दिवस सोयाबीनची नवीन पानं थोडी पिवळट दिसतात, वाढ किंचित थांबल्यासारखी वाटते, घाबरायचं नाही, येतं परत. आमच्या वाडीत एकानं पाचव्या दिवशी तण हिरवंच दिसतंय म्हणून परत दुसरा हात मारला. तण मेलं पण सोयाबीन पण गुडघ्याच्या वर आलंच नाही त्या रानात. अण्णा, थांबा जरा, एवढंच सांगणं आहे.

आता काय मरतं आणि काय मरत नाही. माठ, काटेमाठ, घोळ, कोवळी बारीक गवतं, ही चांगली जातात, इथं काही तक्रार नाही.

केना. केना दोन पानांवर सापडला तर दबतो, फांद्या फुटल्यावर मारलात तर औषध वाया. केना लय चिवट, खुरपून बांधावर टाकला तरी पाऊस पडला की कांड्यातून परत मुळं सोडतो, आणि त्याला जमिनीच्या आत पण फुलं येऊन तिथंच बी धरतं, वरचं सगळं काढलं तरी खाली साठा राहतोच. म्हणून केन्याचं रान असेल तर फवारणीनंतर एक खुरपणी धरूनच चाला आणि खुरपलेला केना पाटीत भरून रानाबाहेर काढा.

लव्हाळा मरत नाही. पिवळा पडतो, थांबतो, महिन्यानं गाठीतून नवीन कोंब येतो. हराळी तर अजिबात नाही, तिला उन्हाळ्यात खोल नांगरट करून काशा वेचून काढणं आणि उन्हात वाळवणं हाच उपाय आमच्या मामंजींनी केला आणि तोच चाललाय. टाकळा पण बऱ्यापैकी वाचतो, तो पण शेंगेचाच ना, सोयाबीनच्या भावकीतला, या औषधाला दाद देत नाही. ज्यांच्या रानात टाकळा जास्त आहे त्यांनी नुसत्या इमॅझेथापायरवर पैसे घालू नयेत. आणि दर वर्षी तेच एक औषध मारत राहिलं तर जी तणं वाचतात तीच बी टाकतात आणि चार पाच वर्षांत रान त्यांचंच होतं, म्हणून औषधाचा गट, म्हणजे तणाला मारायची त्याची पद्धत, बदलत राहायचा. नुसतं कंपनीचं नाव बदललं म्हणजे गट बदलला असं नाही बरं का, टेक्निकल बघायचं.

बाकीच्या औषधांशी तुलना विचारतात म्हणून थोडक्यात. पेंडीमेथॅलिन, हे पेरणीनंतर ४८ तासांच्या आत, पीक आणि तण दोन्ही उगवायच्या आधी जमिनीवर मारायचं. ३०% ईसी (ईसी, सीएस हे औषध बनवायचे प्रकार, बाटलीवर लिहिलेले असतात) असेल तर एकरी एक लिटर ते सव्वा लिटरच्या आसपास, ३८.७% सीएस असेल तर ७०० मिली. उगवणाऱ्या तणाच्या कोंबात आणि मुळात पेशी फुटण्याचं कामच थांबवतं. उगवून आलेल्या तणाला काही करत नाही. ओल असेल तर मला हे आवडतं, पीक पहिले तीन चार आठवडे स्वच्छ राहतं, पण सोलापुरात अडचण अशी की आपण पेरतो मृगाच्या नाहीतर आर्द्राच्या पावसावर आणि पेरलं की तो गायब. कोरड्या ढेकळावर पेंडीमेथॅलिन नुसतं वर पडून राहतं, उन्हानं काही उडून पण जातं, ढेकळाच्या खालून तण मजेत वर येतं. रान बारीक झालेलं पाहिजे आणि ओल पाहिजे. ज्यांच्याकडं तुषार सिंचन आहे त्यांनी मारून हलकं पाणी दिलं तर याच्यासारखं नाही. भाजीचा घेवडा, गवार, अशी बागायती शेंगेची पिकं लावणाऱ्यांना तर मी हेच बघायला सांगेन, अर्थात पत्रकावर पिकाचं नाव बघून, कारण तिथं शेंग तोडून थेट मंडईत जाते आणि उभ्या पिकात तणनाशक मारायचं म्हणजे मला तरी जिवावर येतं. पेंडीमेथॅलिनचे पिवळे डाग मात्र कपड्याचे निघत नाहीत.

क्विझालोफॉप इथाईल ५% ईसी आणि प्रोपाक्विझाफॉप १०% ईसी, ही दोन्ही फक्त गवतवर्गीय तणाला. रुंद पानाच्या तणाला काही होत नाही, लव्हाळ्याला पण नाही, तो दिसतो गवतासारखा पण गवत नव्हे. गवताच्या रानात मात्र एकदम खात्रीचं काम, आठवड्यानं गवताचं मधलं पान धरून ओढलं तर अलगद हातात येतं, खालचा भाग कुजलेला. तूर आणि बाजरी मिश्र पेर असेल तर हे चुकूनही नको, बाजरी जाईल. शेजारी ऊस किंवा मका असेल तर वाऱ्याची दिशा बघून.

फोमेसाफेन आणि फ्लुआझिफॉपचं मिश्रण, ॲसिफ्लुओरफेन आणि क्लोडिनाफॉपचं मिश्रण, ही दोन्ही सोयाबीनला खूप चालतात आता. दोन तीन दिवसांतच तण करपलेलं दिसतं म्हणून लोकांना आवडतं. सोयाबीनच्या पानावर पण तांबूस डाग पडतात, नवीन पानं चांगली येतात. यातलं फोमेसाफेन आणि ॲसिफ्लुओरफेन स्पर्शानं जाळणारं असल्यामुळं तण पूर्ण भिजलं पाहिजे, पाण्यात काटकसर केली की वरचं पान जळून खालून फुटवा येतो.

आणखी एक, ग्लायफोसेट उभ्या सोयाबीनवर मारतात असे बाहेरच्या देशातले व्हिडीओ फिरायलेत. त्यांचं सोयाबीन जनुक बदललेलं आहे, आपल्याकडं तसल्या वाणाला परवानगी नाही, आपलं जेएस ३३५ असू दे नाहीतर दुसरं कुठलं, ग्लायफोसेट पडलं की तणाबरोबर पीक पण गेलं. त्यातून केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटच्या वापरावर बंधन पण घातलंय.

आता मूळ मुद्दा, शाळू.

इमॅझेथापायर मातीत राहतं. हा त्याचा गुण पण आहे, कारण मागून उगवणारं थोडंफार तण पण दबतं. पण मातीतून ते जातं ते मुख्यतः मातीतल्या जिवाणूंमुळं, आणि जिवाणूंना काम करायला ओल लागते. पाऊस चांगला झाला, सप्टेंबरपर्यंत रान ओलं राहिलं, तर त्याचा बराचसा निकाल लागतो. पाऊस कमी, ऑगस्टमध्ये लांब उघडीप, मग ते मातीत तसंच थोडं थोडं शिल्लक. हरभऱ्याला आम्हाला कधी त्रास दिसला नाही. ज्वारी मात्र या औषधाला नाजूक. अमेरिकेतल्या लेबलवर तर हे मारल्यावर दुसरं पीक घ्यायला किती महिने थांबायचं याची पिकावार यादीच असते. आपण सोयाबीन जुलैच्या पहिल्या दुसऱ्या आठवड्यात फवारतो आणि शाळू पेरतो सप्टेंबर शेवट नाहीतर ऑक्टोबर. म्हणजे मध्ये मिळाले जेमतेम तीन महिने.

आमच्या भाऊबंदांच्या रानात एका पाऊस कमी असलेल्या वर्षी बघितलं. शाळू उगवला एकसारखा, पण दोन तीन आठवड्यांनी रानाच्या दोन्ही टोकांना पट्टे दिसायला लागले, तिथला शाळू वीतभरच, पानं पिवळी, शिरांच्या मधी जास्त पिवळी, काही पानांवर जांभळट लाली. त्यांनी आधी म्हणलं खोडमाशी, मग म्हणलं जस्त कमी. रोप उपटून बघितलं तर मुळं आखूड आणि बाजूच्या मुळ्या खुंटलेल्या, ब्रशच्या केसासारख्या. आणि पट्टे नेमके कुठं, तर पंपवाला जिथं वळतो तिथं, तिथं दोनदा औषध पडतं ना. मधल्या रानात शाळू बरा होता. टोकाचं पीक शेवटपर्यंत सुधारलं नाही, कणसं बारीक आणि कडबा पण निम्मा. आणि आपल्याकडं कडबा म्हणजे काय ते ज्याच्या दावणीला जनावरं आहेत त्याला विचारा, धान्य कमी आलं तर माणूस विकत आणून खाईल पण फेब्रुवारी मार्चनंतर कडब्याची पेंढी परवडत नाही.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय, मालदांडी, म्हणजे शाळूचं आपलं नावाजलेलं वाण, खायला पुण्या मुंबईचे लोक मागवतात, एवढं नाव असलेलं पीक आपण चारशे मिलीच्या बाटलीपायी का धोक्यात घालायचं. फोमेसाफेन पण मातीत राहणारंच आहे, त्यामुळं इमॅझेथापायर नको म्हणून ते घेतलं तरी शाळूपुरता प्रश्न सुटत नाही.

यावर आम्ही करतो ते सांगते. पेरणीच्या आधीच ठरवतो कुठल्या रानात पुढं काय. ज्या रानात हरभरा घ्यायचाय तिथं इमॅझेथापायर. ज्या रानात शाळू घ्यायचाय तिथं ओल असेल तर पेंडीमेथॅलिन, नंतर गवत झालं तर क्विझालोफॉप, आणि राहिलेल्याला एक कोळपणी आणि एक हात खुरपणी. जास्त खर्च येतो, येऊ दे. फवारणाऱ्याला बजावून ठेवतो की वळताना पंपाचा दांडा बंद करायचा.

आणि आधीच मारून बसला असाल आणि शाळूच पेरायचा असेल, तर कुंडीची परीक्षा करा, फुकटची आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला रानातल्या चार पाच ठिकाणची, टोकाची पण, वरची चार सहा इंच माती घ्या, एका कुंडीत किंवा फुटक्या घागरीत भरा. दुसऱ्या कुंडीत जिथं औषध पडलेलं नाही अशी तसलीच माती, बांधाच्या कडेची किंवा घरामागची. दोन्हीत ज्वारीचे दहा पंधरा दाणे टाका, सारखं पाणी, सारखं ऊन, आणि दोन तीन आठवडे बघा. रोपं सारखी वाढली तर पेरा. रानातल्या मातीतली खुजी, पिवळी, मुळं आखूड निघाली तर तिथं हरभरा टाका. कांद्याचं रोप लावणार असाल त्यांनी पण आधी हीच परीक्षा करा, कांद्याचं बी आणि मजुरी काय भावानं जातंय ते सांगायला नको. सोलापूरला कोरडवाहू शेती संशोधन केंद्र आहे, खेडला आणि मोहोळला कृषी विज्ञान केंद्र आहे, शंका असली तर तिथं माणसं बोलतात नीट, जाऊन विचारा, दुकानदारावर सगळा भार टाकू नका, त्याला विकायचं असतं.

पंपाबद्दल एक. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. आपल्याकडं उसात नाहीतर ज्वारीत २,४-डी हे रुंद पानाच्या तणाचं औषध मारतात, तोच पंप नुसता हिसळून सोयाबीनला, तुरीला, द्राक्षाला आणला की पानं आकसून वाकडीतिकडी होतात, २,४-डी थेंबभर राहिलं तरी पुरे. शेजाऱ्याच्या उसातून वाऱ्यानं आलं तरी होतं, तुरीचे शेंडे पिळल्यासारखे दिसले की रोग समजून परत दुसरं औषध मारत बसू नका, आधी शेजारी काय मारलं ते विचारा, भांडण न करता.

आणि फवारताना तोंडाला बांधा, हातात मोजे, पायात बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट. तणनाशक आहे, माणसाला काय होतंय, असं म्हणणारे भरपूर. इमॅझेथापायर ज्या एन्झाइमवर काम करतं तो माणसात आणि जनावरात नसतो हे खरं आहे, पण बाटलीत बाकीचे पदार्थ असतात, डोळ्यात गेलं तर आग होते, आणि त्याच पंपावर पुढं काय काय फवारलं जातं. २०१७ ला यवतमाळला फवारणीत किती शेतकरी आणि मजूर गेले ते आपण सगळ्यांनी पेपरात वाचलंय. फवारणारा रोजंदारीचा माणूस असेल तर मोजे आणि मास्क आपण द्यायचे, तो मागणार नाही. फवारलेल्या रानातलं तण त्या दिवसांत जनावराला कापून आणू नका, घोळ आणि माठ भाजीला पण नको, बायका सवयीनं ओट्यात भरतात म्हणून मुद्दाम सांगतेय. रिकाम्या बाटल्या तीनदा पाण्यानं विसळून ते पाणी पंपातच ओतायचं, बाटलीला भोकं पाडायची, तेल पाणी भरायला कुणी घरात नेऊ नये.

एक मार्क कमी का दिला, तर केना आणि टाकळा सोडतं म्हणून, आणि शाळूचं कारण तर वर सांगितलंच. औषध म्हणून याच्यात खोट नाही, वेळेत आणि ओलीवर मारलं तर दिलेलं काम करतं. तण चार पानांच्या वर गेलं असेल तर मात्र या वर्षी बाटली घेऊच नका, तेच पैसे खुरपणीला घाला, आणि बायकांना आदल्या दिवशी संध्याकाळीच सांगून ठेवा, सकाळी विचारायला गेलात तर कुणी मिळत नाही. उडदात पत्रकावर नाव असलेलं औषध कुणी वापरलं असेल आणि मागं शाळू घेतला असेल तर पाऊस किती होता त्यासकट लिहा, आमच्याकडं पुढच्या खरिपात एका रानात उडीद करायचं चाललंय.